ध्रुवसंरेखन

दुर्बिणीच्या विषुववृत्तीय माउंटचा फिरता अक्ष खगोलीय ध्रुवाकडे अचूक रोखणे. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते; माउंटला याच अक्षाभोवती फिरून त्याचा माग ठेवावा लागतो. अक्ष चुकला की दीर्घ छायाचित्रणात तारे लांबट उमटतात. चूक ५ कलांची असली, तरी तारा मिनिटाला सुमारे १.३ विकलांपर्यंत ढळू शकतो.

अक्षाचा उंचीकोन स्थळाच्या अक्षांशाइतका ठेवतात : अकोला सु. २०.७°, अमरावती सु. २०.९°, चिखलदरा सु. २१.४°. वऱ्हाडात अक्ष असा बराच आडवा राहतो. त्यामुळे काही माउंटांचे प्रतिवजन तिवईच्या पायाला अडते. मांडणी करतानाच हे तपासावे. ध्रुवतारा खगोलीय ध्रुवापासून सुमारे ०.६ अंश दूर असल्याने केवळ तो मध्यभागी आणून भागत नाही.

सर्वांत भरवशाची रीत ताऱ्याचे ढळणे पाहण्याची. तीत ध्रुवतारा दिसण्याचीही गरज नसते, म्हणून उत्तरेला सातपुड्याचा डोंगर आड आला तरी काम होते. याम्योत्तरवृत्तावरचा, खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा दक्षिणेकडे ढळला, तर अक्ष पूर्वेकडे वळलेला असतो. पूर्व क्षितिजाजवळचा तारा दक्षिणेकडे ढळला, तर अक्ष खाली झुकलेला असतो. एक दुरुस्ती दुसरीला हलवते, म्हणून दोन्ही चाचण्या आलटून पालटून कराव्या लागतात. स्वयंचलित मार्गदर्शक कॅमेरा ढळणे सावरतो, पण चित्रक्षेत्राचे फिरणे थांबवू शकत नाही.