मोटारीच्या रेडिएटरची सफाई

मोटारीच्या रेडिएटरची सफाई ही द्रवाने थंड होणारे इंजिन प्रमाणाबाहेर तापू लागल्यास केली जाणारी एक दुरुस्ती आहे. इंजिनातून आलेल्या तप्त शीतकाची (कूलंट) उष्णता रेडिएटर हवेत सोडतो. त्याच्या नळ्या आतून क्षारांनी किंवा नळ्यांमधील पाती बाहेरून धुळीने भरल्यास हे काम मंदावते. दुर्लक्ष झाल्यास सिलिंडर हेड वाकते व गॅस्केट निकामी होते. त्या दुरुस्तीच्या मानाने सफाईचा खर्च किरकोळ असतो. मात्र इंजिन तापण्याचे प्रत्येक कारण रेडिएटरमध्ये नसते.

रचना

विल्हेल्म मायबाख यांनी १९०० साली आखलेल्या मर्सिडीज ३५ अश्वशक्ती मोटारीच्या मधपोळ्यासारख्या रेडिएटरमध्ये ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. पूर्वीचे रेडिएटर तांबे व पितळेचे असत. त्यांची टाकी उकलून नळ्यांत सळई फिरवता येई व पुन्हा डाग देऊन ती जोडता येई. आजचे बहुतेक रेडिएटर ॲल्युमिनियमचे असून त्यांच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात. त्यामुळे ही जुनी पद्धत त्यांना चालत नाही.

यंत्रणेचे झाकण प्रेशर कुकरप्रमाणे आत दाब राखते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरील पुण्यात उघड्या भांड्यातील पाणी ९८° से.च्या आसपास उकळते. दाबाखाली हा उत्कलनबिंदू सुमारे १२०° से.पर्यंत चढतो. झाकणाची रबरी चकती झिजली तर रेडिएटर स्वच्छ असूनही शीतक उकळते.

निदान

गाडी कोठे तापते, यावरून बरेच काही कळते. पुण्याच्या सदाशिव पेठेतील कुमठेकर रस्त्यासारख्या गर्दीच्या रस्त्यावर गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. तेथे समोरून वारा मिळत नाही व सारी भिस्त पंख्यावर असते. गाडी केवळ अशा ठिकाणी तापत असेल आणि मोकळ्या रस्त्यावर तापमान उतरत असेल, तर आधी पंखा, त्याचा फ्यूज व तापमान संवेदक तपासावा. बहुतेक गाड्यांत वातानुकूलन सुरू करताच पंखा फिरू लागतो, त्यामुळे ही परीक्षा सोपी आहे.

याउलट कात्रज, खंबाटकी किंवा बोर घाटाच्या चढावर इंजिनावर भार अधिक व वेग कमी असतो. सपाट रस्त्यावर ठीक चालणारी गाडी तेथेच तापत असेल, तर रेडिएटर अंशतः तुंबल्याची शक्यता मोठी असते. शीतक वारंवार कमी होत असेल, तर मात्र प्रथम गळती शोधावी. थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकल्यास इंजिन कोठेही तापते.

बाहेरील सफाई

अनेकदा एवढ्यानेच काम भागते. वातानुकूलनाचा कंडेन्सर सहसा रेडिएटरच्या पुढे असतो. दोहोंच्या फटीत धूळ, किडे व पालापाचोळा साचतो आणि समोरून पाहता तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढे, म्हणजे वाऱ्याच्या उलट दिशेने, मंद धारेने पाणी मारावे. सर्व्हिसिंग केंद्रातील जोरदार फवाऱ्याने नाजूक पाती वाकतात.

आतील सफाई

विंधनविहिरीचे कठीण पाणी वर्षानुवर्षे भरल्यास नळ्यांत कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचा थर बसतो, तसाच तो घरातल्या गीझरमध्येही बसतो. थंड इंजिनातील जुने शीतक काढून, निर्मात्याने सुचवलेले सफाईद्रव्य वापरून, स्वच्छ पाणी येईपर्यंत यंत्रणा धुतात. तीव्र आम्लाने ॲल्युमिनियम खराब होते. शेवटी शीतक व खनिजविरहित पाणी ठरलेल्या प्रमाणात भरून, हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवून आत अडकलेली हवा काढतात. ही पायरी वगळल्यास सफाईनंतरही गाडी तापते.

धोके

तापलेल्या इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, कारण दाब सुटताच उकळते शीतक अंगावर उसळते. काटा लाल पट्ट्यात गेल्यास सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. तप्त इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूला तडा जाऊ शकतो.

बहुतेक शीतकांतील इथिलीन ग्लायकॉल विषारी व चवीला गोड असते. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. त्यामुळे जुने शीतक रस्त्यावर वा गटारात न ओतता बंद डब्यात भरून, ते स्वीकारणाऱ्या सर्व्हिसिंग केंद्रात द्यावे.