ताप्ती लाइनवरून आलेली माणसे

सुरतेतल्या मराठी माणसाचा इतिहास सांगताना आपण १६६४ सालापासून सुरुवात करतो. महाराजांच्या स्वारीचा अभिमान कोणाला नाही? पण ती फौज आली तशी परत गेली. आपल्यापैकी अनेकांची घरे इथे वसली ती ताप्ती व्हॅली रेल्वेमुळे, आणि तिच्याबद्दल मात्र आपण फारसे बोलत नाही.

किलिक निक्सन कंपनीने उभारलेला हा ब्रॉडगेज मार्ग १९०० साली सुरत ते अमळनेर पूर्ण झाला. मालकी या कंपनीची, पण गाड्या चालवायची बी. बी. अँड सी. आय. रेल्वे. अमळनेरला जळगावकडून आलेला जी. आय. पी.चा फाटा मिळाला आणि खानदेशचा कापूस सुरतेकडे येऊ लागला. कापसामागून माणसेही आली.

माझे आजोबा १९५२ साली दोंडाईच्याहून निघाले. तिसऱ्या वर्गाचे तिकीट, एक वळकटी आणि फडक्यात बांधलेल्या कळण्याच्या भाकरी. नंदुरबारला डबा माणसांनी भरून जायचा. नवापूर सोडले की दुतर्फा जंगल. इंजिन कोळशाचे, त्यामुळे खिडकीशी बसणाऱ्याच्या डोळ्यात कणी गेल्याशिवाय प्रवास पुरा होत नसे. सोनगड आले की आजोबा किल्ल्याकडे पाहून हात जोडत. बडोदेकर गायकवाडांचे मूळ ठाणे ते! मग व्यारा, बारडोली, आणि उधना आले की वळकटी खांद्यावर. पुढे आयुष्यभर त्यांनी मागावर काम केले. घरात अहिराणी, कारखान्यात गुजराती.

मागच्या वर्षी माझ्या मुलीला शाळेत कोणीतरी सहज विचारले, “तुम्ही बाहेरचे ना?” ती गप्प घरी आली. तिला उत्तर देण्यासाठी मी हा सगळा इतिहास चाळला.

आजोबा निघाले तेव्हा दोंडाईचेही मुंबई राज्यात होते आणि सुरतही. मधला व्यारा-सोनगडचा मुलूख बडोदे संस्थानचा होता, तोही १९४९ साली मुंबई राज्यात विलीन झाला होता. म्हणजे आजोबांनी कोणतीच सीमा ओलांडली नाही. सीमा आली १ मे १९६० रोजी, ते इथे स्थिरावल्यावर आठ वर्षांनी. त्या वेळी पश्चिम खानदेशातली उच्छल-निझर भागातली गावे गुजरातेत आली. तिथली माणसे तर घरातून हललीसुद्धा नव्हती! नवापूर स्टेशनातून तर सीमा आरपार गेली. आजही तिकीट खिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशन मास्तरांची कचेरी गुजरातेत आहे. तिथल्या एकाच बाकावर दोन राज्यांची नावे रंगवलेली आहेत.

मुलीला मी तो बाक दाखवून आणला. ती बरोबर मधोमध बसली आणि म्हणाली, “बाबा, मग आपण इथलेच.”

आजोबा आता नाहीत. गाडीचे भाडे किती होते, सुरतेत पहिली रात्र त्यांनी कुठे काढली, हे विचारायचे राहून गेले. आपल्या मंडळात त्या पिढीचे मोजकेच ज्येष्ठ उरले आहेत. या गणेशोत्सवात आरती झाल्यावर प्रसाद घेऊन लगेच निघू नका. थोडा वेळ त्यांच्यापाशी बसा आणि विचारा, “आजोबा, तुम्ही कोणत्या स्टेशनवर गाडीत बसलात?” जे सांगतील ते वहीत उतरवून ठेवा.