बाणकोट–हर्णैचे स्कॉटिश मिशन
बाणकोट–हर्णैचे स्कॉटिश मिशन : रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर किनाऱ्यावर १८२३ मध्ये सुरू झालेले प्रॉटेस्टंट धर्मप्रसार व शिक्षण यांचे कार्य. स्कॉटलंडमधील मिशनरी संस्थेचे भारतातील हे पहिले ठाणे होय. ते जेमतेम एक तप टिकले आणि त्यातून मोठा ख्रिस्ती समाज निर्माण झाला नाही. मराठी भाषा व शिक्षण यांच्या इतिहासात मात्र त्यास दुर्लक्षिता येणार नाही असे स्थान आहे.

सावित्री नदीच्या मुखावरील बाणकोट (सध्याचा मंडणगड तालुका) हे गाव मिशनने निवडले, असे म्हणण्यापेक्षा ते त्याच्या वाट्याला आले, असे म्हणणे योग्य ठरेल. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पाठविलेला डॉनल्ड मिचेल हा १८२३ च्या आरंभी मुंबईस आला. हा पूर्वी कंपनीच्या सैन्यात अधिकारी होता. पुण्यास जाण्याचा त्याचा मानस होता; परंतु पेशवाईचा अस्त होऊन पाच वर्षेच लोटली होती आणि नव्याने जिंकलेल्या मुलखात लोकांच्या धर्मभावनेस धक्का लागू नये, या धोरणामुळे मुंबई सरकारने त्यास परवानगी नाकारली. बाणकोटची गोष्ट निराळी होती. तेथील किल्ला व आसपासची काही गावे १७५६ पासून, म्हणजे दोन पिढ्यांहून अधिक काळ, इंग्रजांच्या ताब्यात होती आणि किल्ल्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नावही मिळाले होते. मिचेल तेथे गेला. पण त्याच वर्षी मृत्यू पावला. त्याच्यामागून आलेले जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड व जॉन स्टीव्हन्सन यांनी बाणकोट आणि दक्षिणेकडील हर्णै येथे काम चालविले. रॉबर्ट नेझ्बिट हा १८२७ मध्ये त्यांना येऊन मिळाला.

शाळा हे या कार्याचे मुख्य अंग होते. खेडोपाडी शाळा उघडून तेथे पगारी पंतोजी नेमले जात आणि मिशनरी फिरतीवर जाऊन मुलांची परीक्षा घेत. बरेचसे पंतोजी ब्राह्मण होते, हे या व्यवस्थेचे वैशिष्ट्य. ख्रिस्ती प्रश्नोत्तरावली शिकविणारा गुरुजी सकाळी स्नानसंध्या आटोपूनच शाळेत येई, त्यामुळे पालकांस फारसा धोका जाणवत नसावा. मुलास लेखन-वाचन व हिशेब यावा, एवढीच त्यांची अपेक्षा असे. शाळा भरत, बाप्तिस्मे मात्र अगदी मोजके झाले. धर्म बदलणाऱ्यास जात, घर व वडिलोपार्जित वतनातील हिस्सा गमावण्याची भीती होती आणि त्यास आधार देऊ शकेल अशी वस्ती मिशनपाशी नव्हती. ख्रिस्ती झालेल्यांपैकी रामचंद्र नावाचा पुराणिक पुढे मुंबईत मिशनरी व शास्त्री यांच्यात १८३० मध्ये झालेल्या जाहीर वादात ख्रिस्ती पक्षातर्फे उभा राहिला. पुढील वर्षी मोरभट दांडेकर व जॉन विल्सन यांचा प्रसिद्ध वाद झाला.

विल्सन (१८०४–७५) हा मराठी शिकला तो याच किनाऱ्यावर. १८२९ मध्ये मुंबईस उतरताच तो पत्नी मार्गारेट हिच्यासह बाणकोट व हर्णै येथे गेला. काही महिन्यांतच त्याने मराठीतून प्रवचन करण्याइतकी प्रगती केली आणि वर्षअखेर तो मुंबईस परतला. विल्सन महाविद्यालयाचा उगम असलेली शाळा (१८३२) व मार्गारेटने मुंबईत चालविलेल्या मुलींच्या शाळा हे त्यानंतरचे कार्य. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीस (१८५७) विल्सनने मराठी भाषेच्या घटकांविषयी टिपणे जोडली. भाषाभ्यासात स्टीव्हन्सनची (१७९८–१८५८) कामगिरी अधिक मूलगामी आहे. त्याचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. पुढे त्याने सामवेदसंहिता व जैनांचे कल्पसूत्र यांचे इंग्रजी अनुवाद केले, तसेच पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा अभ्यास केला. नेझ्बिटचे (१८०३–५५) मराठी बोलणे समकालीनांत वाखाणले जाई. ही मंडळी कोकणात लोकांना शिकविण्यास आली आणि आधी स्वतः शिकली. मिशनच्या अहवालांत या शिक्षणाची नोंद बाप्तिस्म्यांइतक्या अगत्याने होत नसे.

पुण्याची वाट मोकळी झाल्यावर कोकणातील ठाणी मागे पडली. स्टीव्हन्सन व जेम्स मिचेल हे १८३१ च्या सुमारास पुण्यास गेले. १८३५ मध्ये या मिशनऱ्यांचे कार्य चर्च ऑफ स्कॉटलंडकडे सोपविण्यात आले. त्याआधीच स्टीव्हन्सन सरकारी धर्मोपदेशक झाला होता. १८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली, तेव्हा विल्सन, नेझ्बिट व मिचेल यांनी फ्री चर्चचा पक्ष घेतला. तोवर बाणकोटचे मिशन इतिहासजमा झाले होते.

या भागातील मिशनरी शिक्षणाची दुसरी फळी अँग्लिकनांची होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एस. पी. जी. या संस्थेचा मिशनरी आल्फ्रेड गॅडने याने दापोली येथे शाळा काढली. तिला पुढे त्याचेच नाव मिळाले. धर्मशास्त्राचे इतिहासकार पां. वा. काणे व ‘श्यामची आई’चे लेखक साने गुरुजी हे दापोलीच्या मिशन शाळेचे विद्यार्थी होत.