पार्थिव परदेशी नेताना : शिरूर-दौंडकरांसाठी नियम व कागदपत्रे

शिरूर तालुक्यातील रांजणगाव आणि दौंड तालुक्यातील कुरकुंभ येथील औद्योगिक वसाहतींमुळे या भागात परदेशी तंत्रज्ञांचे येणे-जाणे असते. परदेशाचे नागरिकत्व घेतलेली येथील माणसेही सुटीत गावी येतात. अशा व्यक्तीचे येथे निधन झाले आणि तिचे दफन तिच्या देशात व्हावे अशी आप्तांची इच्छा असली, तर लागणारे पहिले कागद मुंबईत नव्हे, तालुक्यातच तयार होतात. तेथे राहिलेली त्रुटी पुढे वकिलातीत किंवा विमानतळावर आडवी येते.

पूर्वी असा पर्यायच नव्हता. शिरूरच्या छावणीतील कर्नल विल्यम वॉलेस १८०९ मध्ये मरण पावले आणि तेथेच त्यांचे दफन झाले. स्थानिक लोक त्यांना ‘सत्पुरुष’ मानून थडग्याची पूजा करीत, अशी नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. आज पर्याय उपलब्ध असला, तरी निर्णय लवकर घ्यावा लागतो. एकदा दफन झालेला देह सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय बाहेर काढता येत नाही.

मृत्यूची नोंद

जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ नुसार मृत्यूची नोंद निवासस्थानी नव्हे, तर मृत्यू जेथे झाला तेथे होते. शिरूर किंवा दौंड शहरात ती नगरपरिषदेकडे, तर खेड्यात ग्रामपंचायतीकडे होते. रुग्णाला पुण्यास हलविल्यावर महापालिका हद्दीतील रुग्णालयात मृत्यू आला, तर नोंद तेथील महापालिकेकडे होते. नोंदीसाठी २१ दिवसांची मुदत असली, तरी पार्थिव पाठवावयाचे असल्यास दाखला तातडीने घ्यावा लागतो. त्यासोबत मृत्यूचे कारण नमूद करणारे वैद्यकीय प्रमाणपत्रही लागते. दाखल्यावरील नाव पारपत्राशी तंतोतंत जुळले पाहिजे.

पोलीस व वकिलात

मृत्यू अपघाती, संशयास्पद किंवा आकस्मिक असल्यास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ अन्वये पोलीस पंचनामा करतात आणि आवश्यकतेनुसार मृतदेह शवविच्छेदनासाठी पाठवितात. मृत्यू नैसर्गिक असला, तरी देह देशाबाहेर नेण्यासाठी संबंधित पोलीस ठाण्याचा ना हरकत दाखला मागितला जातो. मृत व्यक्ती परदेशी नागरिक असल्यास तिच्या वकिलातीला विनाविलंब कळविणे, हे १९६३ च्या व्हिएन्ना करारातील ३७ व्या कलमानुसार बंधनकारक आहे. वकिलात पारपत्र रद्द करून आपला ना हरकत दाखला देते. मृत व्यक्ती भारतीय नागरिक असेल, तर ज्या देशात दफन करावयाचे त्या देशाच्या वकिलातीची संमती घ्यावी लागते.

एम्बामिंग आणि शवपेटी

मृतदेह टिकावा म्हणून रक्तवाहिन्यांतून रसायने सोडण्याच्या प्रक्रियेस एम्बामिंग म्हणतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीररचनाशास्त्र विभागात ही सोय असते. शिरूर-दौंडकरांना त्यासाठी सहसा पुणे गाठावे लागते. येथे क्रम महत्त्वाचा आहे. शवविच्छेदनाचा निर्णय होण्यापूर्वी एम्बामिंग करू नये. या रसायनांमुळे विषतपासणी निरुपयोगी ठरू शकते.

एम्बामिंगचे प्रमाणपत्र, संसर्गजन्य रोग नसल्याचा वैद्यकीय दाखला आणि पेटीत मृतदेहाखेरीज अन्य काही नाही असे पेटी बंद करणाऱ्याचे प्रमाणपत्र, असे तीन कागद स्वतंत्रपणे लागतात. शवपेटी मजबूत लाकडाची, आतून जस्ताच्या पत्र्याचे अस्तर असलेली व सांधे पक्के जोडून हवाबंद केलेली असावी.

विमानप्रवास

मृतदेह विमानातून माल म्हणून नोंदवून जातो. सोबत जाणाऱ्या नातेवाइकाचे तिकीट वेगळे काढावे लागते. मालवाहतूक विभाग व सीमाशुल्क अधिकारी मूळ कागद तपासतात, म्हणून प्रत्येकाच्या साक्षांकित प्रती जवळ ठेवाव्यात. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सुरू केलेले ‘ई-केअर’ पोर्टल परदेशातून भारतात पार्थिव आणण्यासाठी आहे. बाहेर पाठविण्याशी त्याचा संबंध नाही, याबाबत गल्लत होऊ नये.

पोहोचल्यानंतर

दफनाची परवानगी त्या त्या देशाच्या कायद्यानुसार मिळते. इंग्लंडमध्ये दफनापूर्वी स्थानिक निबंधकाकडून मृत्यूची नोंद तेथे करण्याची गरज नसल्याचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. अमेरिकेत मृत्यूचे कारण काही ठरावीक संसर्गजन्य रोग असल्यास नियम अधिक कडक होतात. त्यामुळे तेथील अंत्यसंस्कार संस्थेशी संपर्क साधल्यावरच विमानाची तारीख ठरवावी.

अस्थींचा पर्याय

दहन करून अस्थी नेणे तुलनेने सुलभ आहे. मृत्यूचा दाखला, दहनाचा दाखला आणि क्ष-किरण आरपार जाऊ शकतील असा लाकडी वा प्लास्टिकचा कलश त्यासाठी लागतो. धातूचा कलश सुरक्षा तपासणीत अडू शकतो. याचे एक जुने उदाहरण पुण्यातलेच आहे. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात निधन झाले. त्यांच्या अस्थी अमेरिकेतील स्नेही कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या.