विजेत्या मल्लाने वर्षात किती वेळा लढावे?

किताब जिंकणे अवघड खरे. परंतु तो अंगावर वागविणे त्याहूनही अवघड. जो विजेता लढतच नाही, त्याचा किताब नावापुरता उरतो. आणि जो ऊठसूट लढतो, त्याचे शरीर किताबाआधी झिजते. या दोहोंमध्ये मर्यादा कोठे घालावी, हा प्रश्न मुष्टियुद्धाच्या इतिहासात पुनःपुन्हा उभा राहिला आहे.

जॅक डेम्प्सी हा अमेरिकन वीर १९१९ साली जगज्जेता झाला. १९२३ च्या सप्टेंबरात फिर्पोला पाडल्यावर त्याने तब्बल तीन वर्षे किताब पणाला लावला नाही. आणि १९२६ साली जीन टनीसमोर उभा राहिला तेव्हा तो गमावून बसला. जो लुईची तऱ्हा नेमकी उलट. डिसेंबर १९४० ते जून १९४१ या सात महिन्यांत त्याने सात वेळा किताब राखला. परंतु सातव्या लढतीत बिली कॉनने त्याला तेराव्या फेरीपर्यंत चांगलेच झुंजविले. गुणांत मागे पडलेला लुई अखेर एका घणाघाती प्रहाराने तरला.

आपल्याकडील कुस्तीचा दाखला मात्र निराळे सांगतो. थोरला गामा १९१० साली लंडनला झिबिस्कोशी अडीच तासांहून अधिक वेळ लढला व कुस्ती बरोबरीत सुटली. पुन्हा गाठ पडली ती १९२८ साली, पतियाळास. अठरा वर्षे लोटली होती, गामाची पन्नाशी जवळ आली होती. तरी मिनिटभराच्या आतच त्याने झिबिस्कोला अस्मान दाखविले. डेम्प्सीला तीन वर्षांचा खंड भोवला. गामाला एवढा मोठा काळ का भोवला नाही? मल्लाचा खरा हिशेब मैदानात नव्हे, तालमीत असतो. जोर, बैठका आणि वस्तादाच्या नजरेखाली नित्य होणारी झटापट यांत खंड पडला नाही, तर मैदानातील कुस्त्या कमी झाल्याने बिघडत नाही.

शिवाय मातीवर पडलेला मल्ल बहुधा अंग झाडून उठतो. ठोसा मात्र मेंदूवर आघात करतो. त्याच १९२८ साली अमेरिकेतील डॉक्टर मार्टलँड यांनी वर्षानुवर्षे ठोसे खाल्लेल्या मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे वर्णन प्रसिद्ध केले. म्हणून कुस्तीचे गणित मुष्टियुद्धास जसेच्या तसे लावता येणार नाही.

महाराष्ट्रात हे गणित पूर्वापार पंचांगाने सोडविले. सुगी उरकली की जत्रा सुरू होतात. मांजरेकाठच्या बिलोलीपासून लोह्याजवळच्या माळेगावपर्यंत नांदेडचा मुलूख शेतीच्याच चालीने चालतो. माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. तेथे जनावरांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांचीही ओढ असते. पाऊस लागला की मोठी मैदाने थंडावतात आणि मल्ल तालमीत मेहनतीला लागतात. शरीराला विसावा देणारा हा नियम कोणा मंडळाने केला नाही. तो शेतकऱ्याच्या कामातून आला. मात्र हंगामात एकामागून एक जत्रा गाठण्याचा मोह मोठा असतो. इनामाच्या रकमेवर ज्याचा खुराक चालतो, त्याला नकार देणे परवडत नाही.

१९६१ साली औरंगाबादेस दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले आणि किताबाला निराळी शिस्त आली. येथे विजेत्याने आव्हानाची वाट पाहावयाची नसते. नव्या अधिवेशनात किताबाचा निवाडा नव्याने होतो. आजच्या लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले, १९७० साली एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळविले, आणि १९७७ साली दिल्लीच्या सतपाल यांना चीत केले. लोकांच्या स्मरणात राहिल्या त्या अशा मोजक्या कुस्त्या. जत्रेतील कित्येक विजय काळाबरोबर पुसले गेले.

तेव्हा मुष्टियुद्धाच्या विजेत्याने वर्षातून दोनदा, फार तर तीनदा, तुल्यबळ प्रतिस्पर्ध्याशी लढावे, हे न्याय्य दिसते. त्याहून कमी लढल्यास पात्र आव्हानवीरावर अन्याय होतो. त्याहून अधिक लढल्यास विजेत्याच्या देहावर. मल्लाला याहून थोडी अधिक मोकळीक देता येईल. परंतु दोघांनाही लागू पडणारी अट एकच आहे: लढतींची संख्या तिकिटांच्या विक्रीवरून ठरू नये. ती ठरविण्याचा अधिकार वस्तादाचा आणि वैद्याचा आहे.