दिल्ली ते दौलताबाद : स्थलांतरितांच्या साक्षी

लहरी फर्मानाला मराठीत 'तुघलकी' म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिच्यामागे मुख्यतः एक घटना उभी आहे. १३२७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीकरांना देवगिरीस, म्हणजे त्याच्या दौलताबादेस, हलविले. या निर्णयाच्या शहाणपणाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ज्यांना हलविले त्यांना जुने आणि नवे शहर कसे वाटले, हा प्रश्न मात्र त्या मानाने मागे पडला.

दिल्ली इतकी ओस पडली की कुत्री-मांजरेही उरली नाहीत, असे बरनी १३५७ च्या सुमारास लिहितो. प्रवासखर्चासाठी आणि पोहोचल्यावर सुलतानाने लोकांना सढळ हाताने दिले, हेही तोच नोंदवितो. पण त्याच्या लेखी देवगिरी ही परक्यांची भूमी, आणि तिच्याभोवती वाढली ती निर्वासितांची कबरस्ताने. इब्न बतूता दिल्लीत आला तो १३३४ मध्ये. फरफटत नेलेल्या आंधळ्याचा केवळ पाय दौलताबादेस पोहोचला, ही त्याची प्रसिद्ध कथा म्हणूनच ऐकीव आहे. उलट १३२७ व १३२८ चे नारायणा आणि सरबन येथील संस्कृत शिलालेख दिल्लीचे वर्णन नांदते नगर म्हणून करतात. हलविले गेले ते मुख्यतः दरबारी, उलेमा, सूफी अशा वरच्या थरातले लोक, हे इतिहासकारांचे अनुमान या लेखांमुळे बळावते. फारसी ग्रंथांतील 'दिल्ली' म्हणजे बहुधा लिहिणाऱ्यांची दिल्ली होय.

या सर्वांत स्वतः तो रस्ता चाललेला साक्षीदार म्हणजे इसामी. त्याचा नव्वदीचा आजोबा दिल्लीबाहेर पहिल्याच मुक्कामी, तिलपत येथे, वारला. किशोरवयीन नातू पुढे चालत राहिला. १३५० मध्ये पूर्ण केलेल्या 'फुतूह-उस्-सलातीन' या पद्यग्रंथात तो सुलतानाला क्षमा करीत नाही. (ग्रंथाचा आश्रयदाता त्याच सुलतानाविरुद्धच्या बंडातून १३४७ मध्ये दौलताबादेत गादीवर आलेला बहमनी सुलतान होता, हे विसरून हा संताप वाचता येणार नाही.) तथापि हाच इसामी दौलताबादेचे गुण गातो. निजामुद्दीन औलियांच्या निधनाने दिल्लीची रया गेली आणि बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या वास्तव्याने दौलताबाद बहरली, अशी त्याची मांडणी आहे. शहराच्या भाग्याचे श्रेय तो बादशहाकडून काढून संताच्या पदरात टाकतो. सक्तीने आणलेल्या माणसाला नवे गाव आपलेसे म्हणायचे, पण आणणाऱ्याचे ऋण मानायचे नाही, यासाठी त्याला सापडलेली ही वाट मला बरनीच्या विलापाहून अधिक बोलकी वाटते. पुढे दिल्लीला परतण्याची मुभा मिळाली. इसामी दख्खनेतच राहिला. कवी अमीर हसन सिज्झीची कबरही खुलदाबादेतच आहे.

या साक्षींत एक बाजू जवळजवळ मुकी आहे. ज्यांच्या गावावर ही नवी वस्ती येऊन बसली, त्या देवगिरीकरांना हे पाहुणे कसे वाटले? इब्न बतूता दौलताबादेच्या मऱ्हाट रहिवाशांचा, तेथील जवाहिऱ्यांचा आणि गाणाऱ्या-नाचणाऱ्यांच्या बाजाराचा उल्लेख करतो; पण तो त्यांना पाहतो, विचारीत नाही.