धक्काशोषक, जुन्या मालमोटारींचे
मोटारगाडीची कमान दबून पुन्हा उसळताना होणारे आंदोलन आटोक्यात आणणारे साधन. गॅरेजच्या बोलीत यास ‘शॉकअप’ म्हणतात. भार पेलण्याचे काम कमानीचे असते, धक्काशोषकाचे नव्हे. जाड वा महागडा धक्काशोषक बसविल्याने गाडीची वहनक्षमता वाढत नाही. जुन्या मालमोटारींच्या दुरुस्तीत हा भेद वारंवार विसरला जातो.

घोडागाडीपासून चालत आलेल्या कमानीत एकावर एक रचलेले पोलादी पाटे परस्परांवर घासतात व त्या घर्षणानेच आंदोलन बरेचसे शमते. मोटारींचा वेग वाढल्यावर तेवढ्याने भागेना. फ्रान्समधील त्रुफो यांनी घर्षणचकत्यांचे साधन तयार केले व विसाव्या शतकाच्या आरंभी हार्टफर्ड यांनी ते अमेरिकेत प्रचारात आणले. चकत्या झिजत आणि ओल्या झाल्या की त्यांची पकड बदले; म्हणून तेलाचा अवलंब झाला. १९२७ च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीस तरफेने चालणारे तेलयुक्त धक्काशोषक होते. पुढे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा प्रकार रूढ झाला. यात दट्ट्या तेलातून सरकतो, तेल झडपांच्या अरुंद वाटांतून ढकलले जाते आणि आंदोलनाच्या ऊर्जेची उष्णता बनते. कमान दबताना होणारा रोध सामान्यतः कमी व उसळताना होणारा अधिक ठेवतात.

भारतात १९५४ पासून जमशेटपूर येथे डाइमलर-बेंझच्या सहकार्याने टाटांच्या मालमोटारी तयार होऊ लागल्या. हे सहकार्य १९६९ पर्यंत चालले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या गेब्रिएल इंडिया या कंपनीने मुंबईतील मुलुंड येथे धक्काशोषकांचे उत्पादन हाती घेतले. त्याच लोहमार्गावर पुढे, कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीस उल्हासनगर हे नाव मिळाले. अंबरनाथला युद्धसाहित्याचा कारखाना आला, अंबरनाथ व बदलापूर येथे औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या आणि कल्याण-बदलापूर रस्त्यावर मालवाहतूक वाढत गेली. कोकणातील पावसाने डांबर उखडलेल्या अशा रस्त्यावर निकामी धक्काशोषकाची किंमत कळते. चाक खड्ड्यातून उसळून क्षणभर जमीन सोडते व तेवढा वेळ त्या चाकाला ना ब्रेक लागू पडतो, ना सुकाणू. अर्धवट भरलेल्या टँकरात द्रवाच्या हेलकाव्यांची त्यात भर पडते.

अनेक जुन्या मालमोटारींत धक्काशोषक केवळ पुढच्या आसाला असत. मागे पाट्यांच्या घर्षणावरच भिस्त असे. जादा भार नेण्यासाठी पाटे वाढविण्याची रीत मालकांत रुजली, तिने मात्र हिशेब बिघडतो. कमान ताठ व उंच होते, आस आणि चासी यांतील अंतर वाढते आणि मूळ लांबीचा धक्काशोषक पूर्ण ताणला जाऊन त्याची कडी तुटते. याउलट पाटे थकून बसले असतील, तर तो पूर्ण मिटतो व आतून फुटतो. म्हणून आधी कमान तपासावी आणि नंतरच उघडी व मिटलेली लांबी, कडीचे माप व रोध पाहून नग निवडावा. मधे जाड व टोकांकडे निमुळत्या अशा मोजक्या पाट्यांची नवी कमान घातल्यास घर्षण घटते; तेथे अधिक रोधाचा धक्काशोषक अपरिहार्य होतो, ही बाब काटकसरीच्या भरात सुटते.

तेलाचा ओघळ व टायरची ठिकठिकाणी खोलगट झालेली झीज ही बिघाडाची ठळक लक्षणे होत. खडबडीत रस्त्यावरून आल्यावर धक्काशोषकाला सावधपणे हात लावून पाहण्याची चालकांची पद्धत शास्त्रशुद्ध आहे : काम करणारा गरम लागतो, थंड राहिलेला निकामी समजावा. एका आसावरील दोन्ही नग एकदमच बदलतात. नवा नग उभा धरून काही वेळा ताणून-दाबून आतील हवा काढावी लागते. कडीतील रबरी बुशाचे नट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच घट्ट करावेत; अधांतरी आवळल्यास बुश कायमचा पिळलेला राहून लवकर फाटतो.